गार मोटरींचा उन्हाळा

होळीची राख निवली की आमच्या नांदुऱ्यात जिनिंगचं आवार धुतात. कापसाचा हंगाम सरलेला असतो, शेवटच्या गाठी ट्रकवर चढून गेलेल्या असतात, आणि दिवाळीपासून ज्या सिमेंटच्या फरशीवर कापसाच्या गंज्या उभ्या होत्या ती फरशी एकदम उघडी पडते. मग टँकर येतो. तापलेल्या फरशीवर पाणी पडलं की सरकीच्या तेलाचा, चुन्याचा आणि थोडा डिझेलचा असा मिळून एक वास सुटतो आणि रुळांच्या अलीकडं माझ्या दुकानापर्यंत पोचतो. एके काळी हा वास आला की गल्ल्यावर बसल्या बसल्या माझी बोटं हलायला लागायची. गेले दोन उन्हाळे तो आला की मी उदबत्ती लावली, पंखा वाढवला आणि दिवाणजीवर विनाकारण ओरडलो.

यंदाही टँकर आला. नंतरच्या रविवारी सकाळी दुकान उघडत होतो तेव्हा पलीकडून आवाज आला. डासासारखा बारीक, पण लांबचा. वळणावर खाली बसणारा आणि सरळ पट्ट्यावर पुन्हा चढणारा. किल्ली कुलपात तशीच ठेवून मी उभा राहिलो. मालगाडी आली, तिच्या खडखडाटात तो आवाज बुडाला. गाडी निघून गेली आणि आवाज तिथंच होता.

तो आवाज कशाचा, हे बाहेरच्या माणसाला सांगताना मला आजही खाली बघावं लागतं. आम्ही रिमोटवरच्या गाड्यांच्या शर्यती लावतो. आम्ही म्हणजे जावई आलेली, चष्मे लागलेली, पोटं सुटलेली माणसं. हातभर लांबीची, चार चाकांवर जोर असलेली, खऱ्या मोटारीसारखं कवच घातलेली गाडी आम्ही जिनिंगच्या फरशीवर पळवतो. "कापसाचा एवढा मोठा अडत्या, अन् खेळनं घेऊन बसते," असं बाजारात बोलतात, आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलतात. ज्यांनी माझ्याकडून भावात मार खाल्ला त्यांना माझ्यावर बोट ठेवायला तेवढीच जागा सापडली आहे. मी त्यांना दोष देत नाही. मला सापडली असती तर मीही सोडली नसती.

याच आवारात मी पाठीवर कापसाची गाठोडी वाहिली आहेत. तेव्हा मुकादम मला नावानंसुद्धा हाक मारत नसे, "ए लांबट" म्हणायचा. आज त्याच काट्यावर माझ्या नावाचा माल तोलला जातो. हे मी कोणाच्या उपकारानं मिळवलं नाही. घासाघीस करून मिळवलं. कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, तळचा कापूस वर काढायचा, सरकी दाताखाली धरायची. सुकी असेल तर कट्‌ आवाज येतो, ओली असेल तर दात रुततो. वरचा कापूस सगळेच सुका दाखवतात. ओल तळाला असते. एवढ्या एका गोष्टीवर मी घर बांधलं.

आणि समोरचा माणूस भाव झटकन उतरवायला लागला तर हात आणखी खोल घालायचा. हेही मला ठाऊक होतं. म्हणून पुढं जे सांगणार आहे त्याची लाज जरा जास्त आहे.

या खेळाचं बी पेरलं विनोद सरांनी. ते संग्रामपूरला शाळेत गणित शिकवतात, बोलायला शांत, आणि गाडी चालवायला त्याहून शांत. त्यांनी पुण्याहून दोन स्वस्तातल्या गाड्या सुट्या भागांत मागवल्या. एक मी पाहिली आणि रात्री झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या दुकानदाराला फोन लावून मी इतका वेळ घासाघीस केली की शेवटी तो म्हणाला, "काका, गिअरचा एक जोड फुकट देतो, पण आता फोन ठेवा." मग आला रफिक. बसस्टँडजवळ त्याचं सीट-कव्हरचं दुकान आहे. आवाज मोठा, जीभ त्याहून मोठी आणि हात सोन्याचा. वळणावर त्याची गाडी अशी वळायची की कोणी तिला दोरीनं ओढतंय असं वाटे. हळूहळू खामगावचे, मलकापूरचे असे आणखी काही जण जमले.

नियम एकच, स्वस्ताईचा. गाडीबरोबर फुकट येते ती चांदीच्या रंगाच्या डबीची मोटर सगळ्यांनी वापरायची. बॅटरी सारखी, टायर सारखे. महागडा भाग कोणी लावायचा नाही. मग जिंकायचं कशावर? तर जुळवणीवर. प्लॅस्टिकच्या बुशा काढून बेअरिंग बसवायच्या. धक्के खाणाऱ्या नळ्यांत पुढं घट्ट तेल की मागं, ते ठरवायचं. स्प्रिंग लाल लावायची की पिवळी. चाकं वरून आत किती झुकवायची. आमच्याकडं तर आणखी एक त्रास, रुईचा. फरशी कितीही धुतली तरी सांध्यांत तंतू राहतातच, ते आसाला गुंडाळतात आणि गाडी जागच्या जागी मरते. पुण्यातल्या कोणत्याही माणसाला हा आजार ठाऊक नाही. आम्ही त्यासाठी दाढीचं पातं आणि चिमटा जवळ ठेवतो.

शर्यतीची वाट म्हणजे जिनिंगच्या जुन्या रबरी पट्ट्यांच्या कडा, सुतळीनं आखलेली वळणं. रिमोट घेऊन उभं राहायला ट्रॅक्टरची ट्रॉली. सकाळी लवकर सुरू करायचं आणि ऊन फरशीवर उतरायच्या आत आटपायचं, कारण वैशाखात नऊनंतर त्या फरशीवर चप्पलसुद्धा चिकटते. शर्यत संपली की तुम्ही मोकळे नाही. पुढच्या शर्यतीला वळणावर उभं राहून दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या सुलट्या करायच्या. आणि जो जिंकेल त्यानं उघडायचं.

हे उघडणं विनोद सरांनी आणलं. जिंकणाऱ्यानं ट्रॉलीच्या फाळक्यावर गाडी ठेवायची, कवच काढायचं, आणि काय काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. तेल कोणतं, स्प्रिंग कोणती, वंगण कोणतं. काही राखून ठेवायचं नाही. "नाहीतर स्वस्तातला खेळबी महाग होते, भाऊ," ते म्हणाले होते. मला तो नियम पोटातून पटला नव्हता. मी गुरांच्या बाजारात दुपट्ट्याखाली बोटं दाबून सौदे केलेला माणूस. शेजारी उभा असलेल्याला भाव कळू द्यायचा नसतो, हेच माझं शिक्षण. मी क्वचित जिंकायचो, आणि जिंकलो की उघडताना असं पुटपुटायचो की रफिक ओरडायचा, "सेठ, कापूस विकून नाही राह्यले तुमी इथं! जोरात बोला!"

रफिकचे टोमणे हा आमच्या सकाळचा अर्धा आनंद होता. माझी गाडी पट्ट्यावर आदळली की, "सेठ, गाडी हाना, बैल नोका हानू." मी चिडलो की, "पाय बे विनोद, सेठची मोटर गाडीत नाही, डोक्यात बसवेल आहे." मी हरलो की चिडायचो. साधं नाही, फार. एकदा रिमोट फरशीवर फेकला होता. एकदा मलकापूरच्या एका सज्जन माणसाला मी असं काही बोललो की तो पुढचा महिना आला नाही. अडत्याला आवाज लागतोच, असं मी स्वतःला सांगायचो.

मग तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, ऐन हंगामात, ओलीच्या टक्क्यावरून जिनिंगच्या माणसाशी भांडता भांडता माझ्या डाव्या हाताला मुंग्या आल्या. काट्यावरच बसलो. अकोल्याला नेलं. छातीत स्प्रिंग टाकली, म्हणजे स्टेंट, पण आमच्याकडं त्याला स्प्रिंगच म्हणतात. रफिक दवाखान्यात आला तर पहिलं वाक्य हे, "काऊन सेठ, आत बी स्प्रिंग टाकली म्हने. कोनत्या रंगाची?" नर्स हसली. माझी बायको शोभा हसली नाही. ती दाराशी डॉक्टरांचं ऐकत होती. डॉक्टर सांगत होते, पथ्य, गोळ्या, चालणं, आणि राग नको. राग अजिबात नको.

त्यानंतरचा उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला उन्हाळा होता. हे वाक्य लिहिताना कान गरम होतात, पण खोटं नाही. पहिल्याच रविवारी मी जिंकलो. दुसऱ्या रविवारी जिंकलो. मधे एखादा गेला, पण पुन्हा जिंकलो. सकाळची हवा, नुकती धुतलेली फरशी, भिंतीलगतच्या निंबाचा मोहोर गळून वळणावर साचायचा, आणि माझी पिवळी गाडी त्यातून सगळ्यांच्या पुढं निघायची. मला वाटलं, मरणाच्या दारातून आलं की माणसाचा हात हलका होतो. असं मी बोलूनही दाखवलं. जिनिंगच्या चौकीदारालासुद्धा.

आणि मी उघडायला लागलो. पूर्वी पुटपुटणारा मी, आता फाळक्यावर स्वच्छ फडकं अंथरायचो. कवच काढून बाजूला ठेवायचो आणि सुरुवातीपासून सांगायचो. पुढं घट्ट तेल काऊन, मागं पातळ काऊन. मागची चाकं थोडी आत का झुकवली. गिअरच्या दातऱ्यांमध्ये कागदाचा तुकडा घालून फट कशी मोजावी. ऐकणाऱ्यांसाठी मी येताना गरम कचोऱ्या आणायचो, कारण माझं बोलणं लांबायचं. विनोद सर, ज्यांनी मला स्क्रू कोणत्या बाजूला फिरवायचा हे शिकवलं होतं, ते मांडी घालून बसायचे आणि शंका विचारायचे. "म्हनजे भाऊ, फरशी तापल्यावर तेल बदलता का तुमी?" मी त्यांना समजावून सांगायचो. रफिक कचोरी खात ऐकायचा आणि म्हणायचा, "वा सेठ."

वा सेठ. एवढंच. अख्खा उन्हाळा त्यानं मला एक टोमणा मारला नाही. माझी गाडी एकदा वळणावर सपशेल उलटली, चाकं वर करून पडली, तरीही तो गप्प होता. मी धावत जाऊन... नाही, वळणावर उभ्या असलेल्यानं ती सुलटी केली, आणि आश्चर्य म्हणजे तोवर बाकीचे फार पुढं गेलेले नव्हते. मी त्यांना गाठलं. मला वाटलं, काय गाडी जुळवली आहे मी!

भाव आपोआप उतरत होता, आणि मी ढिगात हात घातला नाही.

मृगाच्या आधीचा शेवटचा रविवार. ट्रॉलीवर आम्ही ओळीनं उभे, हातात रिमोट. शर्यत अर्ध्यावर आली असेल. आवाराच्या पश्चिमेला, जिथं सरकीचा ढीग असतो, तिथून वावटळ उठली. आमच्याकडच्या वावटळी पाहिलेल्यांना सांगायला नको. धूळ, पाचोळा, रुई, पॉलिथिनच्या पिशव्या, सगळं घेऊन ती फिरत आली. सगळे ओरडत ट्रॉलीवरून उतरले आणि गाड्या वाचवायला धावले. डोळ्यांत माती. जी हाताला लागेल ती गाडी उचलायची. मी माझी उचलली, मग रफिकची हिरवी, मग विनोद सरांची पांढरी, आणि तिन्ही पोटाशी धरून काट्याच्या आडोशाला बसलो.

या गाडीची मोटर मागच्या चाकांजवळ असते. खालून उचलली की बोटं नेमकी तिच्यावर येतात. माझ्या गाडीची मोटर हाताला सोसवत नव्हती, इतकी तापलेली. जोरात पळवलेल्या गाडीची मोटर अशीच असते. त्या डबीला दुसरा इलाज नाही. रफिकची मोटर कोमट होती. उन्हात ठेवलेल्या स्टीलच्या पेल्याइतकी. विनोद सरांची तर गार.

मी पुन्हा हात लावून पाहिला. आधी एक, मग दुसरी, मग माझी. तीस वर्षं मी याच हाताची भाकर खातो. तो हात मला जे सांगत होता ते डोकं ऐकायला तयार नव्हतं.

वावटळ गेली. रफिक डोळे चोळत आला.

"वाचली का सेठ माही गाडी?"

"मोटर गार आहे बे तुही."

"हवा आहे ना भाऊ. वाऱ्यानं."

"वाऱ्यानं माही काऊन नाही झाली गार?"

तो सरांकडं पाहू लागला. सर खाली पाहू लागले. दोन माणसं सौद्यात खोटं बोलत असली की आधी एकमेकांकडं बघतात, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. मी हिरवी गाडी त्याच्या हातात दिली. दिली म्हणजे छातीवर ढकलली. मग जे तोंडात आलं ते बोललो. तुम्ही मला भीक घातली, तुम्ही मला वेडा केला, कचोऱ्या खाऊन हसत होता. माझा आवाज जिनिंगच्या पत्र्यावर आपटून परत येत होता. मला त्याचंही भान होतं आणि मी आणखी चढवत होतो.

रफिक हसत नव्हता. तो माझ्या छातीकडं बघत होता.

"सेठ, आवाज नोका चढवू. पाया पडतो. वहिनीले आमी शब्द देल्ला आहे."

तिथं तो थांबला. पण माल उतरून झाला होता.

घरी शोभा गच्चीवर कुरडया घालत होती. चादरीवर पांढरी वेटोळी ओळीनं, हातात साचा, कोपरापर्यंत चीक. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून विचारलं.

"तू जिनिंगात गेली होती?"

"हाव."

"कायले?"

तिनं साचा दाबणं थांबवलं नाही. "डॉक्टरनं सांगतलं होतं, राग येऊ देऊ नोका. तुमाले हरल्यावर राग येते. म्हनून म्हनलं, भाऊ, एवढा उन्हाळा यायले हरू देऊ नोका."

"कोनाले इचारून गेली?"

"कोनाले इचारू? तुमाले?"

मी माझा प्रश्न विचारला. म्हणजे अडत्याचा प्रश्न. "बदल्यात काय मागतलं त्यायनं?"

"काही नाही."

"असं कसं काही नाही?"

"रफिकभाऊ म्हने, वहिनी, एक उन्हाळाच त आहे."

मंडईत कोथिंबिरीची जुडी घ्यायची तरी ही बाई माझ्याकडं बघायची, मी घासाघीस करावी म्हणून. ती एकटी रूळ ओलांडून गेली, परक्या पुरुषांसमोर उभी राहिली, आणि माझ्यासाठी बोलणी करून आली. आणि असा सौदा केला की माझ्या जन्मात मला जमला नाही. समोरच्यानं सगळं दिलं आणि काही घेतलं नाही. त्या लोकांना वर्षाकाठी एवढाच हंगाम मिळतो. पाऊस लागला की फरशी ओली, आणि दिवाळीला कापूस. सर एवढ्या लांबून मोटारसायकल मारत यायचे ते माझ्या मागं हळू चालवायला.

हे सगळं मला आज दिसतं. त्या दिवशी गच्चीवर मला फक्त एवढं दिसलं की मला न विचारता माझा सौदा झाला. मी म्हणालो, माझी गावभर शोभा केली. मी बरंच काही म्हणालो. तिनं चादरीवरची एक वाकडी कुरडई बोटानं नीट केली, आणि म्हणाली, "बरं, चुकलं माझं."

मग मी दोन उन्हाळे जिनिंगात गेलो नाही. गाडी कपाटावर ठेवली. रफिक दुकानात दोनदा आला, मी हिशेबात तोंड घातलं. सर रस्त्यात भेटले, मी पलीकडून गेलो. माझं म्हणणं साधं होतं आणि खरं सांगायचं तर ते अजून पुरतं गेलेलं नाही. मला हरवायचं होतं तर हरवायचं. मेलो असतो तर हरून मेलो असतो. माझ्या हातून माझ्या हरण्याचा हक्क काढून घेणारे तुम्ही कोण? रागाला धार लावत बसायला माझ्याकडं भरपूर वेळ होता, आणि धार लावणं हा माझा धंदाच.

पण राग करताना मधेच ते फडकं आठवायचं. फाळक्यावर अंथरलेलं. सरांची मांडी. "म्हनजे भाऊ, फरशी तापल्यावर तेल बदलता का तुमी?" गल्ल्यावर बसलेलो असताना, गिऱ्हाईक समोर असताना, मी उगाच खाकरायचो.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. काहीच घडलं नाही त्या दिवशी. शोभा स्वयंपाकघरात कंबरेवर हात ठेवून उभी होती. आमचा ओटा बुटका आहे. घर बांधताना मिस्त्री म्हणाला होता, वहिनी उंच आहेत, वीतभर वाढवू. मला फरशीचे तुकडे स्वस्तात मिळाले होते, ते त्या मापात बसत होते. मी म्हणालो, आहे तोच ठीक आहे. शोभा काहीतरी बोलली होती, मी आवाज चढवला होता, आणि ती म्हणाली होती, "बरं, तुमचं खरं." त्या गोष्टीला किती काळ लोटला. ती अजून वाकून भाकरी थापते.

तिला तशी उभी पाहिली आणि ते वाक्य मला कानानं नाही, हातानं आठवलं. कसं सांगावं? "बरं, तुमचं खरं." "बरं, चुकलं माझं." पोरगी कोणत्या गावी द्यायची, कूलर कोणाच्या खोलीत लावायचा, तिच्या भावाकडं राखीला जायचं की नाही. सगळ्या शर्यती मी जिंकलो होतो. एकाही वाक्यात धग नव्हती. मी त्या सगळ्या वाक्यांना हात लावून पाहत गेलो आणि एक एक गार निघत गेलं. रफिकनं आणि सरांनी जे एक उन्हाळा केलं, ते करायला त्यांना शिकवणारी बाई माझ्याच घरात होती, आणि तिला उन्हाळा-हिवाळा नव्हता.

म्हणूनच तर तिला ते इतकं सहज सुचलं.

मी तिला म्हणालो, "ओटा वाढवून घेऊ."

ती म्हणाली, "आता कायले? सवय झाली."

तर यंदा, त्या रविवारी, कुलूप अर्धवट उघडलं होतं ते मी पुन्हा लावलं. घरी जाऊन कपाटावरून पिवळी गाडी काढली. टायर दगडासारखे झाले होते. आसावर जुनी रुई होती, ती पात्यानं कापली. रूळ ओलांडून गेलो.

ट्रॉलीवर सगळे होते. सरांनी हात जोडले. मी काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, दोन चांगली वाक्यं होती, पण तोंडातून भलतंच निघालं.

"यंदा शर्यत झाल्यावर सगळ्यायच्या मोटरी तपासीन मी."

रफिकनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग त्याच्या गालावर टोमण्याआधीची ती जुनी खळी पडली. "तपासा ना सेठ. फुकट आहे. पन हात भाजला त मले नोका सांगू."

मी हरलो. शेवटून दुसरा आलो, आणि शेवटचा जो होता त्याच्या आसात रुई अडकली होती. माझी गाडी वळणावर नांगरासारखी सरळ जात होती. "सेठ, पेरनी करून राह्यले का?" रफिक ओरडला. माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली. ती उडाली हे मला कळलं, आणि ट्रॉलीवरच्या सगळ्यांनाही कळलं असावं, कारण सगळ्यांच्या नजरा माझ्या छातीकडं गेल्या. मी गाडी पुन्हा वळणाकडं घेतली. ती पुन्हा सरळ गेली.

जिंकला रफिक. त्यानं फाळक्यावर गाडी ठेवून उघडली. पुढं पातळ तेल, मागं घट्ट. मी त्या उन्हाळ्यात जे जे शिकवलं होतं त्याच्या बरोबर उलटं. तो सांगत होता आणि माझ्याकडं पाहत नव्हता, मोठ्या मनानं. मीच मधे हात घातला आणि सवयीनं दोन बोटं मोटरीवर टेकवली.

चर्र झालं. मी असा ओरडलो की काट्यावरची कबुतरं उडाली.

"सांगतलं होतं ना!" रफिक फाळक्यावर हात आपटत हसला. सरही हसले, चष्मा काढून. मलाही हसू आलं, पण ते पुरतं बाहेर आलं नाही. डोळ्यांत पाणी होतं, भाजल्याचं म्हणता येण्यासारखं.

घरी आलो तर बोटांवर दोन फोड तरारून आले होते. शोभानं पाहिलं, काही न विचारता परसातून कोरफडीचं पान तोडून आणलं आणि विळीवर चिरायला बसली.

"ते नको," मी म्हणालो. "चिकट होते. पाण्यात धरतो." तोंडातून गेलं. जन्माची सवय.

"बरं," ती म्हणाली आणि पान खाली ठेवलं.

मी वाट पाहिली. ती उठून भांड्यांकडं वळली.

"बरं काय?" मी म्हणालो. "तुले काय वाटते ते सांग ना. भांड माह्याशी."

ती वळली. माझ्याकडं बघत राहिली, कपाळापासून छातीपर्यंत. मग हात पदराला पुसत लगबगीनं जवळ आली.

"काऊन? छातीत दुखून राह्यलं का?"

मी नाही म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही. गोळीची डबी कुठं आहे, रिक्षा बोलावू का, असं तिच्या डोळ्यांत चाललेलं मला दिसत होतं. मी खाली वाकून ते अर्धवट चिरलेलं पान उचललं, तिच्या हातात दिलं, आणि भाजलेली बोटं तिच्यापुढं धरली.